बोलण्याचा रकाना

डनेडिन, ९ एप्रिल २००३

प्रिय नेट्टा,

तुझ्या नाताळच्या कार्डाला एप्रिलात उत्तर देतोय. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढचं वाच.

आपला प्रोग्रॅम निवृत्त होतोय. अंधांसाठीच्या आपल्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयाने वेलिंग्टनच्या एका कंपनीला नवा करायला सांगितलाय, आणि जुन्याच्या पोटात काय काय आहे ते समजावून द्यायला मला बोलावलंय. इतकी वर्षं बागेत वाटाणे लावणारा मी पुन्हा सकाळी डबा घेऊन कामाला जातो. माझी एलिन असती तर हसून लोळली असती. ती गेल्यापासून घरात सकाळ फार लांबते, म्हणून मी हो म्हटलं. हे फक्त तुला सांगतोय.

परवा मुद्दाम त्या मासळीच्या दुकानापाशी गेलो. दुकान आहे. वरच्या आपल्या खोलीत आता कोणीतरी नखं रंगवून देतं. मी खाली उभा राहून वर बघत होतो, तर एक मुलगी खिडकीतून म्हणाली, "आजोबा, अपॉइंटमेंट आहे का?"

तुला आठवतं, आपण ग्रंथालयाची सगळी कार्डं त्या खोलीत जमिनीवर पसरली होती? हिवाळा होता, हीटर एकच, आणि तो तू तुझ्याकडे वळवून ठेवायचीस. मी म्हणत होतो, पुस्तक म्हणजे एक नोंद, संपलं. आणि तू म्हणालीस, "मातियू, खाली जा आणि एक ब्लू कॉड माग. तो तुला एक मासा देईल की माशाची जात देईल?" मी चिडून खरंच खाली गेलो आणि मासा घेऊन वर आलो. त्या एका टोमण्यातून आपला अख्खा डेटाबेस निघाला. पुस्तक वेगळं, त्याची प्रत वेगळी, आणि प्रतीतली एकेक कॅसेट वेगळी. नंतर कुणाची चौथी कॅसेट कुत्र्याने चावली तरी आपलं काही अडलं नाही.

आता प्रश्न. पार्सल परत आलं की ऐकणाऱ्याला पुढचं पुस्तक जातं, पण मध्ये आपला प्रोग्रॅम अडून बसतो. 'बोलणं झालं' हा रकाना कुणीतरी फोन करून भरेपर्यंत पुढचं पार्सल निघतच नाही. नव्या मंडळींनी विचारलं, हे कशासाठी? मला सांगता येईना. तो रकाना तू घातलास तेव्हा मी बेटांवर टीटी पक्षी पकडायला गेलो होतो, आणि परत आलो तर तो होता. मी कधी विचारलंच नाही. तू घातलाय म्हणजे असेल काहीतरी, असं धरून चाललो.

यंदा पुतणे गेलेत बेटांवर. माझे गुडघे आता पक्ष्यांच्या बिळांपर्यंत वाकत नाहीत. खारवलेल्या पक्ष्यांची बादली आली की तुझा वाटा पाठवतो.

तुझा,
मातियू

&nbsp;

कारामेआ, २ मे

प्रिय मातियू,

अक्षर मोठं आलंय, कारण हे जाड पेन हाताला लागलं. समजून घे.

तुला टुआटापेरेचे मिस्टर क्रीव्ही आठवतात का? ऑल्बन क्रीव्ही. आपल्या पहिल्या वर्षाच्या अहवालात सगळ्यांत वर. पार्सल वेळेत परत, एकही कॅसेट हरवलेली नाही, एकही तक्रार नाही. मंडळाच्या सभेत तू त्यांचंच उदाहरण दिलं होतंस. आणि पर्ल पॅकिंगच्या टेबलावरून सगळ्यांना सांगायची, "बाकीचे टेपा तशाच पाठवतात, मला उलट्या गुंडाळत बसावं लागतं. हा एकटा गृहस्थ सुरुवातीपर्यंत गुंडाळून पाठवतो. काय सभ्य माणूस!"

तू बेटांवर असताना त्यांच्या पत्त्यात काही घोटाळा झाला म्हणून मी फोन केला. बोलता बोलता विचारलं, पुस्तकं आवडतायत ना? ते म्हणाले, "बाई, रागावू नका. माझं ऐकायचं यंत्र गेल्या हिवाळ्यात बंद पडलं."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही?

"तुम्ही लोक फुकट पाठवता, वर तक्रार कशी करायची? आणि पार्सल वेळेत परत नाही केलं तर यादीतून नाव काढून टाकाल. पोस्टवाला येतो ना पार्सल घेऊन, तेवढाच येतो."

मातियू, तो माणूस वर्षभर न ऐकलेली पुस्तकं आपल्याला परत पाठवत होता, आणि आपल्या डेटाबेसमध्ये तो सगळ्यांत उत्तम वाचक होता. आपली एकही नोंद खोटी नव्हती. पार्सल गेलं, खरं. पार्सल आलं, खरं. पण संगणकाला जे ठाऊक असतं तेच आपण त्याला पुन्हा पुन्हा विचारत होतो. त्याला जे ठाऊक नाही ते माणसाला विचारायची सोय आपण ठेवलीच नव्हती. म्हणून तो रकाना.

त्यांना नवं यंत्र मी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी मला स्वीड नावाच्या कंदाचं सूप पाजलं. भयंकर होतं.

टॅमरिलो पिकलेत. थोडे पाठवले असते, पण पोस्टात फुटतात.

नेट्टा

&nbsp;

डनेडिन, १९ जून

प्रिय नेट्टा,

तुझं क्रीव्हींचं पत्र मी तीनदा वाचलं. कधी बोलली नाहीस ते!

तुझं अक्षर मात्र काय झालंय? मुंगीच्या पायाएवढं लिहायचीस तू. तुझ्या टिपणांसाठी मी भिंग आणलं होतं, ते अजून माझ्या खणात आहे. आणि आता एका पानावर दहा ओळी, त्याही उतरणीला लागलेल्या. कारामेआत कागद स्वस्त झालाय की माझ्यावर रागावलीयस?

नव्या कामाची प्रमुख जॉसेलिन पास्क नावाची बाई आहे. हुशार आहे, मला आवडायला नको होती पण आवडली. तिने अख्ख्या भिंतीवर आपल्या कामाचा ओघ चिकटवलाय. पार्सल कुठून येतं, कुणाच्या हातात जातं, कुठे थांबतं. 'बोलणं' या चौकोनापाशी आली आणि म्हणाली, "इथे सगळं तुंबतं. हा चौकोन काढला की पुस्तक जवळजवळ निम्म्या वेळात पोचेल."

मी क्रीव्हींची गोष्ट सांगितली. खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकजण म्हणाला, "छानच आहे. पण तो अपवाद झाला." आणि पुढचा विषय सुरू.

मी पर्लकडे बघितलं, म्हटलं ही तरी भांडेल. ती बिस्किट बुडवत बसली होती. अलीकडे ती माझ्याशी जपून बोलते. तिच्या तोंडात कधी तीळ भिजत नाही, आणि हल्ली मी आलो की विषय बदलते. म्हातारपण, दुसरं काय.

ऑक्टोबरात मंडळ अंतिम निर्णय घेणार आहे. ते झालं की मी तुझ्याकडे येईन म्हणतो. व्हाइटबेट माशांचे दिवस असतील. तू किती वर्षं बोलावतेयस, तुझ्या नदीवर जाळं धरायला. आता माझ्याकडे सबब उरलेली नाही.

टीटी सोबत पाठवलेत. तीन पाणी उकळून टाक, नाहीतर मीठच खाशील.

मातियू

&nbsp;

कारामेआ, २२ जुलै

मातियू,

पक्षी पोचले. आभार.

ऑक्टोबरात येऊ नकोस. डोंगरावरचा रस्ता खचलाय, आणि मासाही यंदा येणार नाही म्हणतात.

प्रोग्रॅमचं मनाला लावून घेऊ नकोस. आपण केला तो त्या दिवसांपुरता होता. जाऊ दे.

नेट्टा

&nbsp;

डनेडिन, ११ ऑगस्ट

नेट्टा,

रस्ता खचलेला नाही. मी वेस्टपोर्टला फोन करून विचारलं.

येऊ नको म्हणालीस, नाही येणार. पण 'जाऊ दे' हे तू लिहिलंस, ते मला पटत नाही. कॅसेटला स्वतंत्र क्रमांक हवा की नको यावरून तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास. एलिन आपल्या दोघांसाठी डबा पाठवायची, आणि तू तुझा वाटा जिन्यात बसून खायचीस. शेवटी मी हरलो, वर येऊन तू म्हणालीस, "मी जिंकायला भांडत नव्हते. हरवलेली चौथी कॅसेट शोधणाऱ्या बाईसाठी भांडत होते." ती नेट्टा कुठे गेली?

मला वाटलं होतं, या कामाच्या निमित्ताने ते दिवस परत थोडे हाताला लागतील. त्या खोलीत आपण काय मोठे शहाणे होतो असं नाही. छपाईयंत्र धडधडायला लागलं की खालचा मासळीवाला काठीने छत ठोकायचा. तरीपण संध्याकाळी मशीन बंद करताना वाटायचं, बाल्क्लुथाच्या कुणा म्हातारीला उद्या पुस्तक मिळेल ते आपल्यामुळे. त्यानंतर मी बँकांसाठी केवढे मोठे प्रोग्रॅम केले, त्यातल्या एकाचंही मला काही आठवत नाही.

मंडळाची सभा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आहे. त्या रकान्यासाठी तू दोन ओळी लिहून दे. माझ्यावर राग असेल तर मंडळाच्या नावाने लिही.

मातियू

&nbsp;

कारामेआ, १४ सप्टेंबर

प्रिय मातियू,

हे अक्षर माझं नाही. शेजारची नायो लिहितेय. ती टपालाची गाडी चालवते, म्हणजे तुझी पत्रं आणतेही तीच आणि गेले काही महिने वाचून दाखवतेही तीच. (नमस्कार. मी जसं सांगतात तसं लिहिणार आहे, मला मध्ये घेऊ नका. – नायो)

माझे डोळे गेलेत. अगदी अंधार नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतील, तोंड दिसणार नाही. गेल्या वर्षी सुरू झालं, उपाय नाही म्हणाले. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच गाडीत बसला असतास. आणि मला तुझ्यासमोर भिंत चाचपत चालायचं नव्हतं. राग नव्हता. राग कसला येतोय, वेड्या.

फेब्रुवारीत डॉक्टरनेच माझं नाव ग्रंथालयात घातलं. हो, आपल्याच. पर्लला मी शपथ घातली की तुला सांगायचं नाही. तेव्हा म्हातारपण वगैरे काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने एक गोष्ट पोटात ठेवली आहे, तिची माफी माग.

पहिलं पार्सल आलं. तो प्लॅस्टिकचा डबा, तो पट्टा, उलटं घातलं की परतीचा पत्ता वर येतो ते कार्ड. त्या कार्डाचा कोपरा कापायचं आपणच ठरवलं होतं ना, बोटांना सुलट बाजू कळावी म्हणून? मी त्या कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि डबा धुण्याच्या खोलीत नेऊन ठेवला. उघडला नाही. ते माझ्यासाठी आहे हे मला मान्यच नव्हतं. मी ते करणारी होते, घेणारी नव्हते. पुढे नायोच्या हाती तसाच परत पाठवला.

मग फोन आला. पर्ल. हवा, तिची कंबर, तिच्या जावयाची बोट, सगळं झालं. मग म्हणाली, "पुस्तक कसं वाटलं?"

मी म्हटलं, "फारच छान."

"शेवट आवडला?"

आता काय करणार? मी एक शेवट रचला. नवरा घोड्यावरून परत येतो, बायको त्याला ओळखत नाही, वगैरे. रंगात येऊन सांगितला. पर्लने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नेट्टा, ते पुस्तक मधमाश्या पाळण्याचं होतं."

मातियू, मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. डोळ्यांचं कळल्यापासून पहिल्यांदा. पर्ल फोनवर थांबली. फोन ठेवला नाही. नंतर म्हणाली, "तेच परत पाठवते. मधमाश्यांचंच. या वेळी ऐक." ऐकलं. कंटाळवाणं आहे, पण ऐकलं.

तुला 'जाऊ दे' लिहिलं, कारण त्या रकान्यासाठी भांडायचं तर मला हे सगळं सांगावं लागलं असतं. तू पत्रात विचारलंस ती नेट्टा कुठे गेली. नायोने ते वाक्य वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचायला नाही म्हणाली. (खरं आहे.)

दोन ओळी लिहून देणार नाही. सभेच्या दिवशी टेबलावर फोन ठेव, मी स्वतः बोलेन.

नेट्टा

&nbsp;

डनेडिन, ८ ऑक्टोबर

प्रिय नेट्टा,

तू फोन ठेवल्यावर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून सभेतून येऊन टोपीही न काढता लिहितोय. नायो, हे सावकाश वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. पत्र खिशात घालून पर्लकडे गेलो आणि माफी मागितली. ती म्हणाली, "मला अपेंडिक्सपेक्षा जास्त त्रास झाला ते पोटात ठेवायला."

आज सभेत तुझा आवाज त्या छोट्या डब्यातून आला तेव्हा सगळे आधी वाकून त्याच्याकडे बघायला लागले, जणू तू आत बसलीयस. तू मधमाश्यांची गोष्ट सांगितलीस, सगळे हसले. मग तू म्हणालीस, "परत आलेलं पार्सल एवढंच सांगतं की पार्सल परत आलं. त्याच्या मागे एक बाई धुण्याच्या खोलीत दार लावून उभी होती, ते तुमच्या कुठल्याच तक्त्यात येणार नाही." त्यानंतर कोणी हसलं नाही.

पास्कने तुला तो प्रश्न विचारला, तेव्हा मला वाटलं आता संपलं. पर्ल कंबरेच्या ऑपरेशनला गेली होती तेव्हा फोन करायला कुणीच नव्हतं आणि तुमच्या रकान्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यातले लोक पुस्तकावाचून बसले, हे खरं की नाही? खरंच होतं ते. आणि तू सरळ म्हणालीस, "खरं आहे. बोलणारं माणूस आजारी पडेल हे मी धरलं नव्हतं. माझं बोलणं ठेवा, माझं अडवणं काढा." ती बाई लिहायची थांबली.

तू फोन ठेवल्यावर भिंतीवरचा तो चौकोन पास्कने स्वतः काढला. मला वाटलं, गेला. तिने तो पार्सलच्या वाटेतून बाजूला घेऊन शेजारी चिकटवला. पुस्तक आता कुणासाठी थांबणार नाही. पण बोलणं हे वेगळं काम म्हणून राहील. एकट्या पर्लवर नाही, चार-पाच जणांत वाटून. ज्याच्याशी बरेच दिवस कुणी बोललं नाही त्याचं नाव आपोआप वर येत राहील. मंडळाने एकमताने मान्य केलं. खरं सांगू? आपल्यापेक्षा चांगलं आहे ते. मला अर्धा तास वाईट वाटलं, मग भूक लागली.

जुनं मशीन महिनाअखेर बंद करणार. पर्ल चीज रोल करून आणणार आहे. बटण मी दाबावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. दाबेन. तुला फोन लावून दाबेन, तुला त्याच्या पंख्याचा आवाज ऐकायचा असेल.

आणि त्यानंतरच्या शुक्रवारी मी वेस्टपोर्टला बसने उतरतोय. तुला विचारत नाहीये. नायोला विचारलं, ती टपालाच्या गाडीतून नेते म्हणाली. तू भिंत चाचपत चाल. मीसुद्धा गुडघ्यांमुळे चाचपतच चालतो. आणि माझे कान तसे बघण्यासारखे आहेत.

मातियू

&nbsp;

कारामेआ, १२ नोव्हेंबर

प्रिय पर्ल,

फोन न करता लिहितोय, कारण फोन करतो तेव्हा नेट्टा शेजारी येऊन उभी राहते आणि मध्ये मध्ये दुरुस्त्या करते.

मंगळवारी तू दोनदा फोन केलास आणि कुणी उचलला नाही, म्हणून तू नायोला घराकडे पिटाळलंस. ती बिचारी गाडी घेऊन धावत आली. घर उघडं, चूल गार, माणूस नाही. तिने किनाऱ्यापर्यंत शोधलं. आम्ही नदीवर होतो, पर्ल. हंगाम संपत आलाय, म्हणून पहाटे भरतीबरोबर गेलो ते दुपारपर्यंत तिथेच. जाळं नेट्टा धरते. मासा तिला दिसत नाही, मलाही धड दिसत नाही, पण काठीला पाणी कसं लागतं त्यावरून कळतं म्हणते. एवढा मासा मिळाला की अंड्यात घालून वड्या केल्या, नायोला दिल्या, तरी उरल्या. चिलटं मात्र जिवंत सोडत नाहीत.

ती भिंतीला धरून चालते, खरंय. पहिल्या दिवशी माझ्यासमोर चाललीच नाही, खुर्चीत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी चहा करायला उठली आणि माझ्यावर आपटली. मी वाटेत उभा होतो. म्हणाली, "तू अजून मध्येच उभा राहतोस का रे?" त्यानंतर सगळं सुरळीत आहे.

संध्याकाळी आम्ही एक कॅसेट ऐकतो. मी झोपलो की ती यंत्र थांबवते, आणि मी जागा झालो की कुठवर झालं ते सांगते. त्यातलं किती खरं असतं आणि किती तिचं स्वतःचं, ते मी तपासत नाही.

माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहेच. वाटाणे तयार झाले असतील, काढून घे. फ्रीज बंद करून दार थोडं उघडं ठेव, नाहीतर वास येतो.

आणि येताना तुझ्याकडे सोपवलेलं मांजर आता तूच ठेव.

मातियू